चॅट्सवर्थ की ब्लेनिम? दोघांसाठी एकच इस्टेट निवडायची असेल तर

इंग्लंडच्या सहलीत लंडन, ऑक्सफर्ड, लेक डिस्ट्रिक्ट ही ठिकाणं ठरलेली असतात, आणि सरदार-उमरावांची एखादी जुनी इस्टेट बघायला जेमतेम एक दिवस उरतो. मग फिरून फिरून दोनच नावं समोर येतात : डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ आणि ऑक्सफर्डजवळचं ब्लेनिम. दोन्ही पाहून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय. लंडनहून सकाळी निघून रात्री परत यायचं असेल तर ब्लेनिम. एक रात्र मुक्काम करता येत असेल तर चॅट्सवर्थ, आणि जमत असेल तर ती रात्र नक्की काढा.

ब्लेनिमला पोचणं अगदी सोपं. लंडनहून ऑक्सफर्ड रेल्वेने साधारण तासाभराचं, तिथून वुडस्टॉकची बस थेट फाटकाशी सोडते. गाडी भाड्याने घ्यायची गरजच नाही. चॅट्सवर्थसाठी आधी शेफील्ड गाठायचं, लंडनहून दोन तासांहून थोडं जास्त, आणि पुढे पुन्हा बस. एका दिवसात होतं, पण परतीच्या बसची वेळ सतत डोक्यात राहते. अशा जागी घड्याळ बघत फिरण्यात काही राम नाही.

आता वाडे. ब्लेनिम हे मुळात विजयाचं बक्षीस. १७०४च्या ब्लेनिमच्या लढाईत फ्रेंचांना हरवणाऱ्या मार्लबरोच्या ड्यूकला राणी ॲनने ही जागा दिली आणि १७०५मध्ये व्हॅनब्रॉ या वास्तुकाराच्या आराखड्यावर बांधकाम सुरू झालं. घरापेक्षा स्मारक जास्त, असं आत शिरताच जाणवतं. भिंतींवरच्या भल्याथोरल्या टॅपेस्ट्रींत (विणलेल्या चित्रपडद्यांत) ड्यूकच्या लढाया, बाहेर तलावापलीकडे १३४ फुटी विजयस्तंभ, आणि १८० फूट लांबीचं ग्रंथालय. भव्य आहे, पण त्या भव्यतेत दोन माणसं रमत नाहीत. मान वर करून बघतात आणि पुढे सरकतात.

अपवाद एका छोट्या खोलीचा. ३० नोव्हेंबर १८७४ला विन्स्टन चर्चिल तिथे जन्मला. तो ब्रिटनचा पंतप्रधान असतानाचा १९४३चा बंगालचा दुष्काळ आठवल्याशिवाय आपण त्या खोलीतून बाहेर पडू शकत नाही, आणि पडूही नये. माझा नवरा आणि मी नंतर बराच वेळ त्याच विषयावर बोलत चाललो होतो. आपल्याकडून गेलेल्या माणसाला ब्लेनिम जे देतं, त्यातलं मोलाचं मला हेच वाटतं.

चॅट्सवर्थची सुरुवात सोळाव्या शतकातल्या बेस ऑफ हार्डविक या खमक्या बाईपासून होते. आज दिसतो तो वाडा बराचसा पहिल्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने १६८७पासून नव्याने बांधून घेतलेला. इथेही छतभर चित्रं आहेत, सोन्याचा मुलामा आहे, पण गंमत करायची हौसही आहे. संगीत दालनात एक दार अर्धवट उघडं असतं आणि त्यातून आतल्या दुसऱ्या दारावर खुंटीला टांगलेलं व्हायोलिन दिसतं. तारा दिसतात, लाकडाची चकाकी दिसते, दारावर पडलेली सावलीसुद्धा दिसते. व्हायोलिन नाहीच, सगळं रंगवलेलं आहे. माहीत असूनही माणसं मान वाकडी करून बघत उभी राहतात. आम्हीही राहिलो.

पण वाडा आतून बघायला दीड-दोन तास पुरतात. उरलेला दिवस तुम्ही दोघं बाहेरच असणार, म्हणून खरा निकाल बाहेर लागतो.

दोन्हीकडची जमीन माणसाने हवी तशी वळवून घेतलेली आहे आणि ती सर्वांत चांगली कळते पाण्यावरून. ब्लेनिमला व्हॅनब्रॉने आधी अवाढव्य पूल बांधला, त्याच्या पोटात खोल्यासुद्धा काढल्या. पण खाली पाणी म्हणजे नुसता ओहोळ. १७६०च्या दशकात केपेबिलिटी ब्राऊन या उद्यानकाराने ग्लाइम नदीला बांध घातला, तलाव वर चढला, पुलाच्या खालच्या खोल्या बुडाल्या, आणि आज जे दृश्य लोक डोळ्यांत साठवतात ते तेव्हा तयार झालं. वुडस्टॉकच्या फाटकातून आत शिरताच ते एकदम समोर उघडतं. त्या एका क्षणापुरतं ब्लेनिम चॅट्सवर्थच्या पुढे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

चॅट्सवर्थचं पाणी डोंगरावरून येतं. रशियाचा झार निकोलस येणार म्हणून सहाव्या ड्यूकने मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनकडून नवं कारंजं करवून घेतलं. वाड्यापेक्षा साडेतीनशे फूट उंचावर माळरानात तलाव खणला, तिथून नळ खाली आणला. पंप नाही, इंजिन नाही, नुसत्या उताराच्या दाबावर पाण्याने जवळजवळ ९० मीटर उंची गाठल्याची नोंद आहे. झार १८४४मध्ये इंग्लंडला आला, पण चॅट्सवर्थला आलाच नाही. कारंज्याचं नाव मात्र ‘एम्परर’ राहिलं. बागेतला जुना पायऱ्यांचा धबधबा, कॅस्केड, गळतीमुळे काही वर्षं कोरडा ठेवलेला आहे. त्याच्यासाठीच जाणार असाल तर आधी चौकशी करा.

हाच पॅक्स्टन पुढे १८५१च्या क्रिस्टल पॅलेसचा, म्हणजे लंडनच्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या काचेच्या महालाचा कर्ता. १८३०च्या दशकात त्याने चॅट्सवर्थच्या काचघरात केळीचं झाड वाढवून फळाला आणलं, आणि ड्यूकच्या घराण्याच्या आडनावावरून त्या केळीला कॅव्हेंडिश नाव मिळालं. जळगाव-रावेरच्या बागांतली बसराई आणि ग्रँड नैन याच गटातली. खानदेशातला कोणी सोबत असेल तर त्याला ही बाग बघायलाच हवी. पॅक्स्टनने इथे बांधलेलं प्रचंड काचगृह मात्र आता नाही. १९२०मध्ये ते पाडलं आणि त्याच्या जागी आज झुडपांचा भुलभुलैया आहे.

जोडीने चालण्याचा प्रश्न असेल तर चॅट्सवर्थला तोड नाही. डर्वेंट नदीकाठचं मोकळं आवार पायी फिरायला फुकट आहे, हरणं आणि मेंढ्या आपल्या वाटेत चरत असतात. पूल ओलांडून एडन्सर गावात जावं. वाड्याच्या नजरेत येतं म्हणून जुन्या गावातली घरं पाडून १८४०च्या सुमारास हे गाव टेकडीआड नव्याने वसवलं. प्रत्येक घर वेगळ्या धाटणीचं. चर्चच्या आवारात पॅक्स्टनची कबर आहे, तशीच जॉन केनेडींची बहीण कॅथलीन हिचीही. ती या घराण्याची सून होती.

ब्लेनिमच्या पारड्यात एक गोष्ट टाकायलाच हवी. तिथल्या डायना या रोमन देवीच्या मंदिरात ऑगस्ट १९०८मध्ये चर्चिलने त्याच्या होणाऱ्या बायकोला, क्लेमेंटाइनला मागणी घातली. पाऊस आला म्हणून दोघं आडोशाला बसली होती. जमिनीवर एक किडा सरपटत होता आणि तो समोरच्या फटीपर्यंत पोचेस्तोवर यानं विचारलं नाही तर हा कधीच विचारणार नाही, असं तिने मनात धरलं होतं, असा किस्सा सांगतात. दोघांपैकी एकाचे गुडघे दुखत असतील तरी ब्लेनिम बरं : चढ कमी, शिवाय बागेपर्यंत छोटी रेल्वेही आहे. चॅट्सवर्थची बाग उतारावर आहे.

तिकिटं रुपयांत मोजली तर दोन्हीकडची झोंबतात. एकाला दालनांत रस नसेल तर दोन्ही ठिकाणी नुसत्या बागेचं स्वस्त तिकीट मिळतं. पाऊस नसेल तर चॅट्सवर्थला मी तेच घेईन.

गाडी हाताशी असेल आणि ऑक्टोबर असेल तर मात्र विल्टशरमधल्या स्टूअरहेडचा विचार करा. तलावाभोवतीची बाग, पलीकडे देवळं, लालभडक पानं. सर हेन्री होर आणि लेडी अल्डा यांचा एकुलता मुलगा पहिल्या महायुद्धात गेला, म्हणून त्यांनी १९४६मध्ये हे सगळं जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी दोघं एकाच दिवशी गेली.

चॅट्सवर्थ ठरलं तर मुक्काम बेकवेलला करा, बदामाचं बेकवेल पुडिंग खा (त्यात अंडं असतं), आणि सकाळी टेकडीवरून पायी एडन्सरला उतरा. फक्त नाताळानंतर मार्चपर्यंत वाडा बहुधा बंद असतो. तेव्हा जाणार असाल तर सरळ ब्लेनिमचं तिकीट काढा.