एसक्यूएल, आठ महिन्यांनंतर: एका नलने केलेला घोटाळा

आठ महिन्यांपूर्वी हिशेबाची जवळपास सगळी कामं मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून काढून एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, नेली. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मोठी फाइल उघडली की पायथनमधल्या पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीला धाप लागायची, आणि नवीन मशीनवर पैसे घालायची माझी तयारी नव्हती. पोस्टग्रेस या डेटाबेसने तोच डेटा डिस्कवरच चाळून दिला. दीडशे ओळींचे लूप दहा ओळींच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, मावले. काय हवं ते आपण सांगायचं, कसं शोधायचं ते डेटाबेसमधला प्लॅनर बघतो. १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी एकाच कामासाठी मांडलेली भाषा त्या कामात अजून पक्की आहे, असं मी भेटेल त्याला सांगायचो.

मग नॉट इनने, म्हणजे 'या यादीत नाही' या अटीने, दगा दिला. पैसे न भरलेल्या ग्राहकांची यादी काढली, तर एरर नाही आणि ओळही एक नाही. थकबाकी शून्य, असं मी तीन आठवडे धरून चाललो. पेमेंटच्या टेबलात एका ओळीत ग्राहक क्रमांकच भरलेला नव्हता. यादीत एक नल, म्हणजे असा रिकामा रकाना, असला की 'हा यात नाही' याचं उत्तर 'खरं' येतच नाही, 'माहीत नाही' येतं; आणि ओळी गाळणारा व्हेअर फक्त खरं तेवढंच ठेवतो. त्याऐवजी 'अशी ओळच नाही' असं विचारणारं नॉट एक्झिस्ट्स लिहिल्यावर थकबाकीदार दिसले.

बरं, वागणं तरी एकसारखं असावं! ५ अधिक नल म्हणजे नल, पण तेच दोन एका रकान्यात ठेवून सम, म्हणजे रकान्याची बेरीज, घेतली तर ५. नल आणि नल समान नाहीत, पण ओळींचे गट पाडणाऱ्या ग्रुप बायमध्ये मात्र एकाच गटात. जिचा जन्मच डेटासाठी झाला, तिने रिकाम्या रकान्याशी असं वागावं, हे मला अजून पटलेलं नाही.

रागाने पायथनकडे परतलो. पांडाजने एका रिकाम्या जागेपायी पूर्णांकांचा अख्खा रकाना फ्लोट, म्हणजे मोजकेच अंक अचूक धरणारा दशांश प्रकार, केला आणि १७ अंकी व्यवहार क्रमांकांचे शेवटचे अंक बदलले. रिकामी जागा चालणारा पूर्णांक प्रकार तिथे आहे, पण तो आपणच आठवणीने निवडायचा. तेव्हा राग बराच निवला.

आता फाइली आणणं, मेल पाठवणं पायथनकडे, मोजणी एसक्यूएलकडे. विभागांची उतरंड रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा वापरणाऱ्या, क्वेरीने काढून पाहिली. जमते, पण महिन्याने वाचताना मलाच उमगेना, म्हणून तीही पायथनकडे गेली. टेबल करतानाच शक्य तिथे नॉट नल, म्हणजे रकाना रिकामा चालणार नाही ही अट, लावतो. तरी नॉट इनमध्ये नल आला तर डेटाबेसने निदान एक इशारा द्यावा, एवढी मागणी मी सोडणार नाही.