विकणाऱ्याने मला दुरुस्तीतच गुंतवून ठेवलं आणि परतीचे दिवस संपले (जुना प्रोफेशनल सीआरटी घेणाऱ्यांनी वाचाच)

परवा परत एक जाहिरात दिसली, प्रोफेशनल सीआरटी मॉनिटर (जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या ट्यूबचा), रेट्रो गेमिंगसाठी एकदम मस्त कंडिशन, आणि फोटो कसले तर निळं पाणी, हिरवं जंगल, रात्रीचं आकाश. लाल रंग ठळक दिसेल असा एकही फोटो नाही. पोटात गोळाच आला, कारण मी घेतला त्या मॉनिटरचे फोटोही असेच होते आणि तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांबलंय, पण पहिला पीव्हीएम (सोनीचा स्टुडिओसाठी बनवलेला सीआरटी मॉनिटर) घ्यायच्या विचारात असाल तर शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेगाड्राइव्ह, सुपर फॅमिकॉम, पहिला प्लेस्टेशन हे जुने गेम कन्सोल बहुतेक गेम २४०पी मध्ये (चित्रात २४० ओळी), म्हणजे साधारण १५ किलोहर्ट्झवर सिग्नल देतात आणि तो सिग्नल या स्टुडिओवाल्या मॉनिटरवर थेट आरजीबीने (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांनी) दिला की जे चित्र येतं त्याला तोड नाही. हे मॉनिटर आता कुणी बनवत नाही, नवीन ट्यूबही मिळत नाही. बोर्ड दुरुस्त होतो, कपॅसिटर बदलता येतात, पण ट्यूब संपली की खेळ संपला. माझी फसवणूक नेमकी तिथेच झाली.

मॉनिटर १४ इंची, ट्रिनिट्रॉन (सोनीच्या खास प्रकारच्या) ट्यूबचा. विकणारा माणूस बोलायला गोड आणि माहितगार होता, मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्याच्याकडे होतं. काही निघालं तर १४ दिवसांत परत घेतो म्हणाला. आणि एक गोष्ट त्याने आवर्जून सांगितली, की मॉनिटर लावल्यावर आधी अर्धा तास गरम होऊ द्या, मगच चित्र बघा, जुने सेट स्थिर व्हायला वेळ घेतात. आता हे खोटं नाहीये. ज्यॉमेट्री (चित्राचा आकार सरळ आहे का), कन्व्हर्जन्स (तिन्ही रंग एकमेकांवर नीट बसतात का) बघायचं तर सेट गरम झालेलाच हवा. त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट अशीच होती, ऐकायला बरोबर, म्हणूनच मी अडकलो. मी इमानदारीत अर्धा तास थांबलो आणि चित्र बघितलं तर डोळे दिपले, इतकं सुंदर.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या लावला, रात्रभर बंद होता. चित्र आलं ते निळसर हिरवट, पांढऱ्या ढगांना आकाशी झाक, माणसांचे चेहरे आजारी माणसासारखे. सात-आठ मिनिटांनी हळूहळू लाल आला आणि सगळं नीट झालं. मी त्याला व्हिडिओ पाठवला. लगेच उत्तर, केबल बदला, आरजीबी केबलमध्ये लाल लाइन कमकुवत असते. मी केबल मागवली, त्यात पाच दिवस गेले, नवीन केबलनेही तेच.

खरं तर यासाठी केबल मागवायची गरजच नव्हती, हे मला नंतर सुचलं. मागे बीएनसीचे (फिरवून अडकवायचे गोल) तीन प्लग असतात ना, लाल, हिरवा, निळा, त्यातले लाल आणि हिरवा आपापसात बदलून लावायचे. रंग अर्थातच चुकीचे दिसणार, पण आता हिरवा कमी पडतोय का लालच, एवढंच बघायचं. खोट प्लगबरोबर सरकली तर कन्सोल किंवा केबल खराब, आणि खोट लालवरच राहिली तर मॉनिटरच्या आतच काहीतरी आहे. दोन मिनिटांचं काम आणि मी त्यासाठी पाच दिवस घालवले. माझी खोट लालवरच राहिली.

मग म्हणाला डिगॉस करा, म्हणजे पडद्यावरचं चुंबकत्व घालवा. केलं. आता डिगॉसने काय जातं तर चुंबकत्वामुळे पडलेले रंगाचे डाग, म्हणजे एका कोपऱ्यात जांभळं, दुसरीकडे हिरवट असं काही. पूर्ण पडद्यावर सारखी झाक आहे आणि ती गरम झाल्यावर जाते, त्याचा डिगॉसशी संबंधच नाही. मग म्हणाला कॉम्पोनंट (दुसऱ्या प्रकारचा रंगाचा सिग्नल) आणि आरजीबीचं सेटिंग चुकलं असेल, तेही बघितलं. ते चुकलं असतं तर झाक कायम राहिली असती ना, आठ मिनिटांनी कशी गेली असती? पण तेव्हा मी नवखा, तो म्हणेल ते करत गेलो, दर वेळी करून बघून कळवायला एक-दोन दिवस जायचे. तोवर दहावा, अकरावा दिवस आला. आता लाल रंग चमकदार ठिकाणी उजवीकडे ओघळायला लागला होता. वरच्या कोपऱ्यात स्कोअरचे लाल आकडे असतात, त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे फिकट लाल शेपटी. बाराव्या दिवशी त्याने सांगितलं, मग कपॅसिटर गेले असतील, कुणाला तरी उघडून दाखवा, जुन्या मॉनिटरला हे लागतंच. मी दाखवायला नेला, त्यात मुदत संपली, आणि सोळाव्या दिवशी परत घ्या म्हटल्यावर त्याने काखा वर केल्या. म्हणे तुम्ही उघडलाय, आता जबाबदारी माझी नाही. उघडायला त्यानेच सांगितलं होतं. मेसेज आहेत माझ्याकडे. त्यानंतर ब्लॉक.

ज्यांच्याकडे नेला ते काका आयुष्यभर टीव्हीच दुरुस्त करत आलेत. त्यांनी मागचं कव्हर काढलं आणि सुरू करून फक्त ट्यूबच्या मानेकडे बघितलं. म्हणाले, हा हीटर (ट्यूबच्या आतली तापणारी तार) जास्त पेटतोय रे. मानेत जो तांबूस प्रकाश दिसतो तो नेहमी मंद नारिंगी असतो, माझा पिवळ्याकडे झुकलेला. मग बंद करून, ट्यूब डिस्चार्ज करून बोर्ड उलटा केला आणि मला बोलावून दाखवलं. सगळीकडची सोल्डर जुनी, राखाडी, धुळीने मळलेली, आणि हीटरच्या लाइनमधल्या एका रेझिस्टरवर तारेचा छोटा तुकडा आडवा टाकून नवीकोरी चकचकीत सोल्डर. रेझिस्टर बायपास. ट्यूबचा हीटर साधारण ६.३ व्होल्टवर चालतो, हा अडथळा काढला की त्याला जास्त मिळतं, कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) जास्त तापतो आणि मरायला टेकलेली गन (लाल, हिरव्या, निळ्यासाठी एकेक अशी इलेक्ट्रॉन फेकणारी) काही दिवस तरतरीत दिसते. नंतर ती आणखी लवकर संपते. काकांनी टेस्टरवर तिन्ही गनचं एमिशन, म्हणजे किती इलेक्ट्रॉन निघतात ते बघितलं, हिरवी आणि निळी ठीक, लालचा काटा जेमतेम हलला.

शिवाय फ्लायबॅकवरचा (ट्यूबला उच्च व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) 'स्क्रीन' नावाचा फिरवायचा पॉट चढवलेला होता. त्याने चित्र उजळ वाटतं, पण ब्राइटनेस अगदी खाली आणला तरी काळा पडदा करडाच राहतो, आणि नीट बघितलं तर तिरक्या बारीक पांढऱ्या रेषा दिसतात. मला त्या रेषा दिसल्या होत्या पहिल्याच आठवड्यात! मी त्यालाच विचारलं आणि तो म्हणाला ट्रिनिट्रॉनला रेषा असतातच. असतात, खरंय, पण त्या एक किंवा दोन, आडव्या, केसासारख्या, जाळीच्या आधाराच्या तारेची सावली असते ती, पांढऱ्या पडद्यावर काळसर दिसते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या तिरक्या रेषा ही वेगळीच गोष्ट आहे. अर्धं खरं सांगून माणूस किती बेमालूम फसवू शकतो बघा.

आता जो कुणी घेणार असेल त्याने पैसे देण्याआधी थंड सेटचा व्हिडिओ मागा. रात्रभर बंद ठेवलेला, बटण दाबण्यापासून पुढची दहा मिनिटं, मध्ये कट नाही, आणि समोर २४०पी टेस्ट स्वीट (कन्सोलवर चालणारा चाचणीचा प्रोग्रॅम) मधला पूर्ण पांढरा पडदा किंवा राखाडी पट्ट्या. चांगल्या ट्यूबचे रंग मिनिटाभरात बऱ्यापैकी जागेवर येतात. मग पूर्ण लाल, पूर्ण हिरवा, पूर्ण निळा पडदा वेगवेगळा. मग इनपुट काढून काळा पडदा, अंधाऱ्या खोलीत. मग काँट्रास्ट पूर्ण चढवून, पांढरं चंदेरी आणि पसरट व्हायला लागलं तर गन थकलीये. फोटोवर विश्वास ठेवू नका, फोनचा कॅमेरा अंधुक चित्रही स्वतःच उजळ करून दाखवतो. मेनूमध्ये वापराचे तास दिसत असतील त्या मॉडेलवर तेही मागा. गरम करून मगच बघा असं कुणी म्हटलं तर हो म्हणा, पण थंड असतानाचं आधी बघा. समोर जाऊन घेत असाल आणि तुम्ही पोचायच्या आधीच सेट चालू असेल तर मागची हवेची जाळी हाताने तपासा, बराच वेळ चालू आहे का याचा अंदाज येतो.

आणि मुदत असेल तर पहिल्याच दिवशी दोष लिहून कळवा आणि परत करतोय असं स्पष्ट लिहा, दुरुस्तीचे प्रयोग नंतर. पडद्यावर नुसती एक आडवी रेषा येणं, वरचा भाग दुमडणं, चित्र थरथरणं हे बहुतेक वेळा व्हर्टिकल आयसी (चित्र वर-खाली पसरवणारी चिप), सुटलेली सोल्डर, सुकलेले कपॅसिटर यातलं असतं, ते होऊ शकतं नीट. ट्यूबचं तसं नाही. स्वतः उघडायला मात्र जाऊ नका, आत वीस हजार व्होल्टच्या वर असतं आणि बंद केल्यावरही ट्यूबमध्ये राहतं, शिवाय मानेला धक्का लागला तर ट्यूब तिथेच गेली.

काकांनी रेझिस्टर परत मूळसारखा केला, स्क्रीनही खाली आणला. आता लाल जवळजवळ नाहीच. फार वाईट वाटतं, कारण हिरवी आणि निळी गन अजून इतकी धारदार आहे की गेममधली पाण्याखालची लेव्हल लावली तर खोट आहे हे कळतही नाही. बोर्ड सगळे ठणठणीत आहेत, काकांनी एकेक तपासलाय. कुणाकडे असाच १४ इंची पीव्हीएम बोर्ड जळून पडला असेल आणि ट्यूब चांगली असेल तर सांगा, मॉडेल जुळलं तर माझे बोर्ड देऊन टाकतो, निदान एक तरी मॉनिटर चालू राहील.