जुना राउटर ठेवावा, केबलवाल्याचा डबा पुरे, की नवा घ्यावा?

गेल्या महिन्यात इंदिरानगरला मावशीकडे गेलो होतो. हॉलमध्ये दारावर केबलवाल्याने लावलेला फायबरचा डबा, आणि त्याला वायरने जोडलेला तिचा जुना राउटर. तो उलटा करून स्टिकर वाचलं: टीपी-लिंक टीएल-डब्ल्यूआर८४१एन, व्हर्जन १०. "छान चालतोय की, कशाला बदलू?" मावशी म्हणाली. नाशिकमधल्या कितीतरी घरांत हाच प्रश्न असेल, म्हणून तिला जे सांगितलं ते सविस्तर लिहितो.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत एक भर घातली. त्यात नेमकं हेच मॉडेल आहे, व्हर्जन ८ आणि १०. सोबत ९४०एन आणि ७४०एनची काही व्हर्जनंही आहेत. मॉडेल जुनं झालं की कंपनी त्याचे नेहमीचे अपडेट थांबवते. त्यानंतर सापडलेलं सुरक्षेतलं भोक कायम उघडं राहतं, आणि राउटर मात्र पहिल्यासारखाच चालत असतो.

पहिला पर्याय म्हणजे तोच ठेवून सेटिंग घट्ट करणं. अ‍ॅडमिन पासवर्ड बदलायचा, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वाय-फाय जोडण्याची सोय) बंद करायचं. हे कराच, पण एवढ्यावर विसंबू नका. २०१६चा मिराई हा व्हायरस, कंपनीने आधीच घालून दिलेले पासवर्ड वापरून घुसायचा, त्याला पासवर्ड बदलून अडवता येत होतं. मे २०२५ मध्ये एफबीआयने ज्या 'द मून' या व्हायरसबद्दल इशारा दिला, त्याला पासवर्ड लागतच नाही. तो जुन्या राउटरमधल्या त्रुटीतून आत येतो. अशा राउटरांचं नेट पुढे प्रॉक्सी म्हणून, म्हणजे दुसऱ्यांना आपली ओळख लपवायला, विकलं जात होतं. म्हणजे फसवणूक कुणीतरी दुसराच करतो आणि आयपी अ‍ॅड्रेस तुमच्या कनेक्शनचा दिसतो. तपास सुरू झाला की पहिली चौकशी तुमच्याच घरी. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण घरात कुणाला काही जाणवत नाही. फार तर नेट थोडं हळू वाटतं.

"आमच्याकडे पब्लिक आयपी नाही, बाहेरून कोण येणार?" असंही ऐकायला मिळतं. बरेच केबलवाले एकच आयपी अनेक घरांत वाटतात, त्यामुळे धोका काहीसा कमी होतो हे मान्य. पण घरातल्याच एखाद्या मोबाइलमध्ये किंवा स्वस्तातल्या टीव्ही बॉक्समध्ये व्हायरस शिरला, तर राउटर त्याच्या हाताशीच असतो. राउटरचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधणारी सेटिंग) बदललं की बँकेचा पत्ता बरोबर टाकूनही भलत्याच साइटवर जाता येतं. म्हणून ब्राउझरने सर्टिफिकेटचा, म्हणजे साइट खरी असल्याची खात्री पटत नाही असा, इशारा दिला तर कधीही पुढे जाऊ नका.

हौशी मंडळी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत, स्वतंत्र सॉफ्टवेअर टाका म्हणतात. चांगला मार्ग आहे, पण मावशीच्या राउटरमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. सध्याची आवृत्ती त्यात मावत नाही.

दुसरा पर्याय, फक्त फायबरचा डबा. बहुतेक डब्यांत वाय-फाय असतं आणि लोकांना ते माहीतच नसतं. टू-बीएचके फ्लॅटला ते सहसा पुरतं, खर्च शून्य. अडचण एवढीच की त्याचे अपडेट केबलवाल्याच्या हातात. त्याला सरळ विचारा: फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) शेवटचं कधी अपडेट केलं? उत्तर देता आलं नाही तर डबा बदलून मागा. जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय पसरवायला, डब्याच्या मागे लावला तर तो थेट इंटरनेटसमोर राहत नाही, धोका घटतो. पण भोक तसंच असतं, म्हणून मी ते फार तर महिनाभराची सोय मानतो.

तिसरा, नवा घेणं. पाथर्डी फाट्याकडचं दोन मजली रो-हाऊस असेल, किंवा घरूनच सीएचं, दवाखान्याचं काम चालत असेल, तर मी हाच पर्याय सांगेन. २ ते ३ हजारांत वाय-फाय ६चा राउटर येतो. एमजी रोडवर घ्यायला गेलात तर स्वस्त दिसलं म्हणून जुन्या पिढीचं मॉडेल उचलू नका. खोका सीलबंद असला तरी आतल्या मॉडेलचे अपडेट बंद झालेले असू शकतात. दुकानातच मोबाइलवर कंपनीच्या साइटवर ते मॉडेल आणि व्हर्जन शोधा, शेवटच्या फर्मवेअरची तारीख पाहा. आपोआप अपडेट आणि डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत हवीच. आणखी एक, लाइट जाते म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावला असेल तर व्होल्टेज तपासा. मावशीचा जुना ९ व्होल्टचा होता, नवे बहुतेक १२चे असतात.

मावशीने डब्याचं वाय-फाय सुरू करून घेतलं. बेडरूममध्येही रेंज आली. जुना राउटर भंगारात देण्याआधी मागचं बटण दाबून रिसेट केला, कारण त्यात तिच्या कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड अजून तसेच होते.