ढगाखालचं सोयाबीन, ढगाबाहेरची द्राक्षं: सातारा-सांगलीत कोणता उपग्रह घ्यावा?

पीक-निरीक्षणाची सेवा विकणारा माणूस बहुतेक उन्हाळ्यात येतो. लॅपटॉप उघडतो, तुमचाच गट नंबर टाकून तुमचंच शेत हिरव्या-पिवळ्या रंगात दाखवतो, आणि शेतकरी कंपनीचे संचालक माना डोलावतात. त्याला एकच सांगायचं: हेच शेत मागच्या जुलैत कसं होतं, ते दाखवा.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ किती दिवस मोकळं असतं, हे महाबळेश्वर-पाटणवाल्यांना सांगायला नको. पण माण, खटाव, आटपाडी, जत इथली मंडळी म्हणतात, आमच्याकडे पाऊसच नाही, मग ढगांची अडचण कसली? चूक आहे. तिकडं ढग येतात, नुसते वरून जातात. शेतकऱ्याला बरसणारा ढग आणि कोरडा ढग यात जमीन-अस्मानाचा फरक, उपग्रहाला मात्र दोन्ही सारखेच. म्हणजे पाणीही नाही आणि चित्रही नाही.

आता घडतं काय ते पाहू. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड भरपूर परत पाठवतं. या दोघांतल्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा आकडा, मिळतो. ढग दोन्ही जवळपास सारखेच परत पाठवतो, म्हणून आकडा शून्याकडे घसरतो. दाट ढग बरा, तो ओळखू येतो. खरा दगा देतो पातळ, विरळ ढग आणि शेजारच्या ढगाची सावली. चित्र स्वच्छ वाटतं आणि आकडा गुपचूप खाली येतो. एका ऑगस्टमध्ये असाच वाळव्याकडचा एक सोयाबीनचा प्लॉट अॅपवर लाल झाला. चिखल तुडवत गेलो तर पीक कमरेला लागत होतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: चित्र नसणं परवडतं, खोटं चित्र परवडत नाही.

सूर्याच्या उजेडात चित्र काढणाऱ्या उपग्रहांत पहिलं नाव युरोपच्या सेंटिनेल-२ चं. २०१५ पासून माहिती मोफत मिळते, जोडीनं फिरताना साधारण ५ दिवसांनी फेरी होते, मुख्य पट्ट्यांत पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, १० मीटरचा. १० बाय १० म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ बरोबर एक गुंठा. आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीला याहून सोयीचं माप नाही. अमेरिकेचे लँडसॅट ८ आणि ९ मिळून ८ दिवसांनी येतात, पण त्यांचा एक ठिपका ९ गुंठ्यांचा. त्यांची जमेची बाजू वेगळी आहे: त्यांच्यावर उष्णता मोजणारा सेन्सर आहे, ढगाचा माथा थंड असतो, त्यामुळे ढग ओळखणं सोपं जातं. सेंटिनेल-२ वर तो नाही. ढगाचा मुखवटा, म्हणजे कुठले ठिपके ढगाचे ते सांगणारा थर, त्याच्यासोबतही मिळतो, पण तो डोळे झाकून मानू नये. आपल्या रिसोर्ससॅटचा लिस-३ कॅमेरा साडेतेवीस मीटरचा, फेरी २४ दिवसांनी. पावसाळ्यात ती एक फेरी ढगात गेली की महिना गेला.

नासाच्या मोडिस या उपग्रह-कॅमेऱ्याचा सोळा दिवसांचा संकलित नकाशा ढगांवर उपाय म्हणूनच पुढे केला जातो. सोळा दिवसांतल्या नोंदींमधून ढगमुक्त आणि जास्त एनडीव्हीआयची नोंद निवडायची, ही त्याची रीत. ढग आकडा खाली ओढतो, म्हणून ती पटतेही. पण २५० मीटरचा ठिपका म्हणजे १५ एकर! त्यात ऊस, ओढा, गावठाण सगळं मिसळतं. तालुक्याचा दुष्काळ पाहायला ठीक, बांधावरच्या सल्ल्याला निरुपयोगी. रोज चित्र देणाऱ्या खासगी उपग्रहांबद्दल एवढंच, की रोज पाहिल्यानं मोकळं आभाळ सापडण्याची शक्यता वाढते, ढग पारदर्शक होत नाही.

मग रडार. सेंटिनेल-१ स्वतःच लहरी सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतो. लहर साडेपाच सेंटिमीटरची, तिला ढग आडवा येत नाही, रात्रही नाही. इथं विकणारा म्हणतो, "साहेब, ढगातून दिसतं." दिसतं, पण ते हिरवेपण नसतं. रडार पिकाची ठेवण आणि ओलावा मोजतो. रात्री पाऊस झाला की माती आणि पानं ओली होतात आणि आकडा चढतो, पीक एका दिवसात वाढलेलं नसतं. त्यात चित्रभर मीठ-मिरी पेरल्यासारखे दाणे असतात. पिक्सेल १० मीटरचा लिहिलेला असला तरी खरी नजर वीसेक मीटरची, म्हणजे चार-पाच गुंठे एकत्र. दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर एका तारखेचा आकडा धरून बसू नका, तारखांची रांग बघा.

आणि गंमत अशी, की जिथं ढग सर्वात जास्त, तिथंच रडार अडखळतो. शिराळा, पाटण, जावळीच्या डोंगरात उपग्रहाकडचा उतार आखडून उजळ दिसतो, पलीकडचा सावलीत जातो. खाचरातलं भात हे खरं तर रडारचं हक्काचं पीक: चिखलणीनंतर साचलेलं पाणी काळं दिसतं, फुटवे वाढतील तसं उजळत जातं. सपाटीला हे सुरेख जमतं, टेकडीच्या कुशीतल्या अरुंद खाचरांत नाही.

ड्रोन ढगाखालून उडतो, पण पावसात नाही. ढग सरकताना ऊन-सावलीचा खेळ चालू असतो, त्यामुळे वर प्रकाश मोजणारा सेन्सर नसेल तर एकाच वावराचे दोन पट्टे दोन वेगळी पिकं वाटतात. पाच-दहा एकरांची शंका फेडायला उत्तम, हजार एकरांना नाही.

निवड कशी करायची? उपग्रहाच्या नावावरून नको. पिकाचं आयुष्य ढगाखाली किती जातं, ते आधी मोजा. सोयाबीन जूनमध्ये पेरलं की शंभरेक दिवसांत काढणीला येतं. जवळजवळ सगळा जन्म ढगाखाली. तिथं रडारची मालिका हाच कणा, सेंटिनेल-२ ची एखाद-दोन स्वच्छ चित्रं मिळाली तर नशीब.

उसाचं उलट. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, तोड दीड वर्षाच्या आसपास. मधे एक पावसाळा जातो, पण अख्खा हिवाळा-उन्हाळा मोकळा. लागणीची नोंद, तुटाळ (न उगवलेल्या मोकळ्या जागा), खोडवा (तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) ओळखणं, हे ऑक्टोबरपासून सेंटिनेल-२ वर आरामात होतं. रडार हवा तो तोड कुठवर आली यासाठी नव्हे (तेव्हा आभाळ स्वच्छच असतं), तर पुरासाठी. ऑगस्ट २०१९ सारखं कृष्णेचं पाणी पसरलं की प्रकाशाचं चित्र ढगात हरवतं. पण उभ्या उसात पाणी शिरलं तर रडारवर ते काळंच दिसेल असं नाही. लहर पाणी आणि खोड यांवर आपटून जोरात परत येते आणि प्लॉट कधी कधी उजळतो. नुकसानीची यादी करताना नेमका तोच शेतकरी सुटतो. नासा-इस्रोचा रडार उपग्रह निसार जुलै २०२५ मध्ये उडाला. त्याची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे, ती दाट पाल्याच्या आत जास्त खोल जाते, म्हणून उसासाठी माझं लक्ष त्याच्याकडे आहे.

तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षवाल्यांनी मात्र रडारचे वेगळे पैसे मोजू नयेत. फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास, पुढचे महिने बहुतांशी ऊन. शिवाय मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल रडारला पानांइतकेच ठळक दिसतात. अवकाळी ढग आले की डाऊनी या बुरशीरोगाची भीती आणि चित्र बंद, दोन्ही एकदमच. त्या आठवड्यात बागेत जाऊन पान उलटून बघायचं, आणि सेवेच्या करारात तेवढे दिवस "चित्र उपलब्ध नाही" असं स्पष्ट लिहून घ्यायचं. मागच्या तारखेचा हिरवा नकाशा आजचा म्हणून दाखवणारे कमी नाहीत.