रोम की इस्तंबूल? मामीला घेऊन कुठे जावं

दिवाळीच्या सुट्टीत मामीला घेऊन रोमला जावं की इस्तंबूलला, असं धंतोलीतल्या मामेबहिणीने विचारलं. मामीचे गुडघे दुखतात, जेवण शाकाहारी. मी दोन्हीकडे आईला घेऊन गेलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

नागपूरहून थेट विमान दोन्हीकडे नाही. व्हिसाही दोन्हीकडे लागतो. इटलीसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा काढावा लागतो, त्याची अपॉइंटमेंट आधीच घे.

रोममध्ये सगळे कोलोसियमकडे धावतात. तेही बघच, तिकिटावर नाव असतं म्हणून पासपोर्ट सोबत ठेव. पण मला रोम कळलं ते तिथून जवळच्या सान क्लेमेंते चर्चमध्ये. वर बाराव्या शतकातलं चर्च. जिना उतरलं की चौथ्या शतकातलं. आणखी उतरलं की पहिल्या शतकातली रोमन घरं आणि मिथ्र देवाचं ठाणं, आपल्या वेदांतल्या मित्राशी नावाचं नातं असलेला तो देव. तिथे अंधारात भिंतीमागून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. मी बराच वेळ कान लावून उभा होतो. आई मात्र वरच बाकावर बसून राहिली, कारण जिने तिला झेपले नसते. रोमचं हे असंच आहे, जे सगळ्यांत सुंदर ते पायांकडून वसूल होतं. रस्तेही दगडी, खडबडीत.

पँथिऑन हे प्राचीन रोमन देऊळ त्याला अपवाद. आत सगळं सपाट, वर ४३ मीटर व्यासाचा घुमट आणि मधोमध उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो, पाणी जायला फरशीत बारीक छिद्रं आहेत. ती मामीला नक्की दाखव.

इस्तंबूलही चढउताराचं शहर, पण तिथे बसून बघता येतं. सुलतानअहमद या जुन्या भागापर्यंत ट्राम जाते, आया सोफिया तिथेच आहे. ती ५३७ साली उभी राहिली. बख्त बुलंद शाहाने १७०२ मध्ये आपलं नागपूर वसवलं तेव्हा तिला ११६५ वर्षं झाली होती. चर्च, १४५३ नंतर मशीद, मग संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. पर्यटकांना वरच्या सज्जात जावं लागतं, तेवढा चढ सावकाश चढवा.

खरी मजा बोटीत. एमिनोन्यूहून काडिकॉयला साधी प्रवासी बोट जाते, वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. आईने काचेच्या छोट्या पेल्यात चहा घेतला, सिमित या तीळ लावलेल्या गोल पावाचे तुकडे सीगलना टाकले आणि म्हणाली, "परत एकदा जाऊ या ना." आम्ही त्या दिवशी तीन फेऱ्या केल्या. जेवणाला मसुरीचं सूप, वर लिंबू पिळायचं. मांसाचा रस्सा घातलेला नाही ना, एवढं विचारून घ्यायचं. रोममध्ये पिझ्झा-पास्त्यामुळे शाकाहाराची अडचण नाही, पण चौथ्या दिवशी आईला वरणाची आठवण आली.

तू एकटी असतीस तर रोम म्हणालो असतो, ते सान क्लेमेंतेसाठी. मामी सोबत आहे, तेव्हा इस्तंबूल. हॉटेल ट्रामच्या थांब्याजवळ घे आणि एक अख्खी दुपार बोटीसाठी मोकळी ठेव.