पावलोव्हा शिकायचाय? गंगापूर रोडचा हा क्लास करा

आमच्याकडे नाशिकच्या शरणपूरला ईस्टरच्या जेवणात केक ठरलेला. यंदा मला पावलोव्हाच (अंड्याचं पांढरं आणि साखर फेटून भाजायचा, वर क्रीम आणि फळं लावायची, असा गोड पदार्थ) करायचा होता, म्हणून गंगापूर रोडला एक मॅडम घरीच बेकिंग शिकवतात, त्यांच्या शनिवारच्या क्लासला गेले. फी १२०० रुपये, सामान त्यांचंच. पहिल्या तासातच पैसे वसूल झाले.

त्या तासात ओटीजी (विजेवरचा घरगुती ओव्हन) सुरूसुद्धा केला नव्हता. आधी स्टीलचं पातेलं आणि बीटर लिंबाच्या फोडीने पुसून घ्यायला लावले, कारण जरा ओशटपणा राहिला तरी अंड्याचं पांढरं फुलत नाही. अंडी गार असतानाच फोडायची, म्हणजे बलक अख्खा सुटतो. फेटायचं मात्र पांढरं साधारण तापमानाला आल्यावर. प्रत्येक अंडं आधी वाटीत, मग पातेल्यात. ४ अंड्यांच्या पांढऱ्याला २२० ग्रॅम बारीक साखर, तीही चमचा-चमचा. मग फेस चिमटीत घेऊन चोळायचा. कणी लागली की अजून फेटायचं. ही खूण व्हिडिओ बघून कळत नाही. माझ्या बोटांना तो आधी रवाळ लागला आणि थोड्या वेळाने साबणासारखा गुळगुळीत, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता थांबा."

"व्हिनेगर घातल्यावर वास नाही का येणार?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"नाही काकू, एकच चमचा आहे. व्हिनेगर आणि कॉर्नफ्लोअरमुळे वरून कडक झाला तरी आत मऊ राहतो."

भाजायचं १२० अंशांवर, फक्त खालचा रॉड लावून, सव्वा तास. वरचा रॉड चालू राहिला तर पांढरा रंग जातो. मग दार न उघडता आतच गार होऊ द्यायचा. हा क्लास मॅडम उन्हाळ्यातच घेतात आणि ते अगदी बरोबर आहे. पावसाळ्यात साखर हवेतलं पाणी ओढते आणि कवच चिकट होतं. नाशिकची एप्रिलची कोरडी हवा याला मानवते.

रशियन नर्तिका अ‍ॅना पावलोव्हा १९२६ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेली होती, तिचंच नाव याला. पहिला आम्हीच केला, असं दोन्ही देश अजून म्हणतात. तिथे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, त्यामुळे सणाला वर ताजी फळं रचतात. मॅडमनी आपली काळी द्राक्षं अर्धी चिरून लावली, सोबत आंब्याच्या फोडी, रुमालावर टिपून घेतलेल्या. सगळं वाढायच्या अगदी आधी. मला द्राक्षंच जास्त आवडली, त्यांचा आंबटपणा इथे हवाच.

खटकलं ते क्रीम. बाजारातलं, आधीच साखर घातलेलं व्हिपिंग क्रीम होतं, आणि एवढ्या गोड पदार्थावर अजून गोड कशाला? ईस्टरला मी घरी चक्का फेटून, त्यात थोडी साय घालून लावला. फार छान जुळतो. मॅडमनाही कळवलंय.

ओटीजी एकच असल्याने प्रत्येकाला तळहाताएवढाच पावलोव्हा करायला मिळतो, मोठा त्या स्वतः करून दाखवतात. अंडं न खाणाऱ्यांनी आधी विचारून जा, काबुली चण्यांच्या पाण्यापासून करायची बॅच वेगळी असते. आणि घरून उंच झाकणाचा डबा न्या. तिथे मिळणारा खोका उथळ आहे, झाकण लागून कवच तडकतं.