प्राथमिक आरोग्य केंद्रातील क्षयरोग सेवा: उपचार चोख, पोषणाची मदत उशिरा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून माझ्या चुलतभावाने क्षयरोगाचे सहा महिन्यांचे उपचार नुकतेच पूर्ण केले. थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत मिळाली. गोळ्यांमुळे लघवी लालसर केशरी होईल, तेव्हा घाबरून औषध सोडू नका, हे आशाताईंनी सुरुवातीलाच घरी येऊन, काकूंनाही समोर बसवून सांगितले. एवढ्या एका सूचनेने कितीतरी रुग्णांचे उपचार तुटता तुटता वाचत असतील.

तक्रार आहे ती पैशांबाबत. कुपोषणाने प्रतिकारशक्ती घटून क्षय बळावतो, क्षयाने भूक मरते व वजन उतरते, अशक्त माणूस ऐन कापूस वेचणीत मजुरीला मुकतो, आणि मजुरी बुडाली की घरात सर्वांत आधी डाळ कमी शिजते. हे दुष्टचक्र तोडण्यासाठीच २०१८ मध्ये निक्षय पोषण योजना सुरू झाली. तिची दरमहा ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. परंतु भावाचे खाते आधारशी जोडलेले नाही, हे केंद्रात फार उशिरा लक्षात आले आणि अंगात त्राण नसतानाचे, म्हणजे खऱ्या गरजेचे, दिवस मदतीविनाच गेले. नोंदणी करतानाच पासबुक पाहिले असते तर हे सहज टळले असते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास या केंद्रात अवश्य जावे. खाते आधारशी जोडले आहे का, याची बँकेत आधीच खात्री करून घ्यावी.